गांजाबाबत हरकती व सूचना

“मॅडम, थोडक्यात,” अण्णासाहेब निंभोरकर म्हणाले. मी तोवर फक्त उभी राहिले होते.

थोडक्यात बोलायला कारण होतं. दीपप्रज्वलन झालं होतं, प्रतिमापूजन झालं होतं, स्वागतगीत झालं होतं. मंचावरच्या सगळ्यांचे सत्कार झाले होते, आणि सत्कार करणारे कोणी राहून गेले असतील तर त्यांचेही झाले होते. मग सूत्रसंचालक प्रा. देवतळ्यांनी प्रास्ताविक केलं. तेवढ्यात जेवणाची वेळ जवळ आली. मी औषधाच्या स्लाइड करून नेल्या होत्या, पण प्रोजेक्टरचा प्लग काढून तिथे अध्यक्षांचा पंखा लावला होता.

सभेचा विषय मागच्या फ्लेक्सवर होता: ‘वैद्यकीय उपयोगासाठी गांजा: नागरिकांच्या हरकती व सूचना.’ फ्लेक्स छापणाऱ्याने शोभेला म्हणून तुळशीच्या पानांचं चित्र टाकलं होतं. गांजाचं पान टाकलं तर पोलीस येतील, असं त्याला वाटलं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी फार्मसी कॉलेजात शिकवत होते. आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारू मिळत नाही असं नाही. मागताना आवाज जरा खाली घ्यावा लागतो, एवढंच. पण या बंदीचा गावाला अभिमान फार, आणि तो सांभाळायला एक व्यसनमुक्ती समिती होती. अण्णासाहेब तिचे अध्यक्ष. सरकारकडून पत्र आलं होतं की काही आजारांसाठी गांजापासून बनवलेलं औषध देणारी केंद्रं मोजक्या जिल्हा रुग्णालयांत सुरू करायची आहेत. ज्या जिल्ह्याला हवं असेल त्याने नागरिकांची सभा घेऊन तसा ठराव पाठवावा. कलेक्टर ऑफिसने ते पत्र समितीकडे सरकवलं. समितीने ठराव आधीच टाइप करून ठेवला होता. ‘ही सभा सदर प्रस्तावास तीव्र विरोध दर्शवते.’ सभा तेवढी घ्यायची राहिली होती.

मी थोडक्यात बोलले. झाडात शेकडो रसायनं असतात. त्यातल्या एकाने नशा येते. दुसरं एक आहे, त्याने नशा येत नाही, पण काही मुलांच्या फिट्स कमी होतात. सगळ्यांच्या नाही, काहींच्या. ज्यांच्यावर बाकीची औषधं चालत नाहीत, त्यांच्यासाठी हे आहे. कॅन्सरच्या रुग्णांना वेगळ्या प्रमाणात वेगळं देतात. सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि मोजून.

देवतळ्यांनी घंटी वाजवली. “मॅडमनी अत्यंत अभ्यासपूर्ण विवेचन केलं,” ते माइकवर म्हणाले, “त्यांच्या विरोधाची आपण नोंद घेतली आहे.”

“मी विरोध केला नाही,” मी खुर्चीतून म्हणाले. माइक तोवर अण्णासाहेबांकडे गेला होता.

अण्णासाहेब उभे राहिले की हनुवटी वर करून बोलत. बाहेरगावच्या लोकांना तो स्वाभिमान वाटे. खरं म्हणजे त्यांच्या डाव्या गालात खर्रा असायचा, आणि हनुवटी खाली आली की तो ओठांवर यायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ आमच्याकडे व्यसनात धरत नाहीत. तो वेळ घालवायला असतो.

“बंधूंनो अन् भगिनींनो,” ते वरच्या पंख्याकडे बघून म्हणाले, “आज औषध म्हणून येईल. उद्या पानठेल्यावर येईल. परवा तुमच्या पोट्ट्याच्या दप्तरात सापडेल. या मातीला थोरामोठ्यांचे पाय लागले. त्या मातीत आपण गांजा पेरायचा?”

“पेरायचा नाही जी, दवाखान्यात ठेवायचा म्हणून राहिल्या मॅडम,” मागून कोणीतरी ओरडलं.

“तेच ते. आधी ठेवतात, मग पेरतात.”

“अन् महाशिवरात्रीला आपण जे पितो ते?”

“तो प्रसाद आहे.”

“प्रसादाचं झाड वेगळं असते का?”

हसू पसरलं. देवतळ्यांनी घंटी वाजवून प्रश्न लेखी देण्याची विनंती केली. अण्णासाहेब माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्हीच सांगा. झाड वेगळं असते ना?”

“एकच असतं,” मी म्हणाले.

“ऐकलं?” अण्णासाहेब सभेला म्हणाले. “विज्ञानाच्या दृष्टीनं एक, पण भावनेच्या दृष्टीनं वेगळं. मॅडमही तेच म्हणून राहिल्या.”

माझ्या शेजारी नानासाहेब काळमेघ बसले होते. त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. नानासाहेब पेन्शनर, अंगावर नेहमी कडक इस्त्रीचा सदरा, ऐकायला जरा कमी यायचं. ते गावाचे अनुमोदक होते. अशी काही नेमणूक नव्हती, पण कुठल्याही संस्थेच्या, कुठल्याही सभेत कोणी काही सुचवलं की त्याला अनुमोदन द्यायला नानासाहेब उठायचे. अध्यक्षाची निवड असो, हिशेबाला मंजुरी असो, शाळेचं गॅदरिंग असो. माझ्या कॉलेजच्या जुन्या प्राचार्यांच्या शोकसभेतही, “प्राचार्य आज आपल्यात नाहीत,” असं कोणीतरी म्हणाल्यावर नानासाहेब उठले होते आणि त्याला त्यांनी अनुमोदन दिलं होतं. त्यांचं वाक्य संपलं की टाळ्या पडत, आणि टाळ्या संपायच्या आत देवतळे माइकवर म्हणत, “सर्वानुमते मंजूर.” आमच्या गावात गोष्टी अशाच मंजूर होत. कशाला विरोध झाल्याचं मला आठवत नाही.

“आज लवकर आटपेल म्हणते,” नानासाहेब माझ्या कानाशी म्हणाले. “अण्णानं सांगून ठेवलं आहे, कोणी सूचना मांडली की लगेच उठा नाना. भात थंड होते.”

“कुठली सूचना, विचारलं नाही तुम्ही?”

“सूचना ते मांडतात मॅडम. मी कशाला विचारू?” त्यांना माझा प्रश्न खरोखर कळला नव्हता.

अण्णासाहेब संस्कृतीवर आले होते तेव्हा मागच्या रांगेत खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

मी जाईपर्यंत गर्दी जमली होती. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. डोक्यावर कापडी टोपी, तिच्या आत स्पंज शिवलेला. ती फरशीवर होती, हातपाय ताठ होऊन झटके देत होते. तिची आई गुडघ्यांवर बसून एका हाताने तिला कुशीवर वळवत होती आणि दुसऱ्या हाताने लोकांना ढकलत होती. ढकलणं जास्त अवघड जात होतं.

“कांदा आणा, कांदा!”

“आता इथे कांदा कुठचा? स्वयंपाक झाला, सगळा भाजीत गेला.”

“किल्ली द्या हातात. लोखंडाची पाहिजे.”

“चप्पल हुंगवा, चप्पल! चामड्याची!”

चामड्याची चप्पल मंचाच्या पायऱ्यांशी होती. अण्णासाहेबांची. एका कार्यकर्त्याने ती धावत आणली आणि मुलीच्या नाकाशी धरली. जिल्ह्याला गांजा औषध म्हणून चालणार नव्हता. चप्पल चालत होती.

“हटा ना बाप्पा!” बाईने त्याच्या मनगटावर फटका मारला. चप्पल खुर्च्यांखाली गेली. “हवा येऊ द्या तिला. आपोआप थांबते.”

मी वाकून मुलीच्या तोंडात कोणी काही घातलं नाही ना, ते पाहिलं आणि पाठीमागची माणसं मागे सारली. बाईने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही मंचावरच्या मॅडम ना? तुम्हाला माहीत आहे म्हणजे. बाकीचे दरवेळी किल्ली देतात हातात. घरी किल्ल्यांचा ढीग झाला असता.”

हळूहळू झटके थांबले. मुलीने डोळे उघडले, पण ते कशावर टेकत नव्हते. बाईने पदराने तिचं तोंड पुसलं, टोपी नीट केली आणि तिला शेजारच्या बाईच्या मांडीवर दिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती सगळी रांग एकाच रंगाच्या साड्यांतल्या बायकांची होती. अंगणवाडी सेविका. गावात सभा असली की ऑफिसातून त्यांना निरोप जायचा. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून त्या यायच्या, आणि त्यांची हजेरी लागायची.

“काय नाव हिचं?” मी विचारलं.

“श्रावस्ती. मी चंद्रकला गजभिये, वॉर्डातली अंगणवाडी माझ्याकडे आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “मॅडम, तुम्ही ते औषध सांगितलं ना, फिट्सचं? ते हिला मिळालं आहे. नागपूरला एका दवाखान्यात त्याचा अभ्यास चालला होता, त्यात हिला घेतलं. ते होतं तोवर आठ आठ दिवस काही नाही व्हायचं. शाळेत जायची, भांडायची बाकीच्या पोरींशी. मग अभ्यास संपला अन् औषध बंद. आता रोज होते. केंद्र इथे झालं तर परत मिळेल म्हणते डॉक्टर. ही सभा नाही म्हणाली, तर इथे नाही होणार. बाकी कुठं न्यायची माझी ऐपत नाही.”

“ठराव विरोधाचा टाइप करून ठेवला आहे,” मी म्हणाले. मला तिला खोटं सांगायचं नव्हतं.

“माहीत आहे. टाइप करणारी माझी नणंद आहे.”

मी मंचावर माझ्या खुर्चीत परतले, तोवर अण्णासाहेबांनी एकीकडे जाऊन गाल रिकामा केला होता आणि नवा भरला होता. “दुःखद प्रसंग,” ते माइकवर म्हणाले. “अशा लेकरांसाठी आपली सहानुभूती आहेच. पण सहानुभूती वेगळी अन् गांजा वेगळा. आता आपण ठरावाकडे वळू.”

“मला बोलायचं आहे,” चंद्रकलाताई मागून म्हणाल्या.

“बाई, पोरीला घरी घेऊन जा आधी.”

“पत्रात नागरिकांच्या सूचना म्हणून लिहिलं आहे ना साहेब? मी नागरिक आहे. एक मिनिट बोलते.”

अण्णासाहेबांनी मंचावरच्या बाकीच्यांकडे पाहिलं. नाही म्हणायला कोणी पुढे येईना. सगळ्यांनी नुकतीच मुलगी पडताना पाहिली होती. “बोला. थोडक्यात.”

त्या चालत माइकपर्यंत आल्या. उंची कमी होती, माइक तोंडाच्या वर गेला. देवतळ्यांनी तो खाली करायला वेळ लावला. तेवढ्यात सभागृहाच्या मागच्या बाजूला भाताचं पातेलं उघडल्याचा वास आला, आणि सभेच्या अर्ध्या माना तिकडे वळल्या.

त्या साधं बोलल्या. मुलीला पहिली फिट कधी आली, कुठली कुठली औषधं झाली, तिच्या कपाळावर कशाकशाचे टाके आहेत. औषध सुरू होतं तेव्हा ती कशी होती. मी ऐकत होते, म्हणून मला दिसलं की बाकी कोणी ऐकत नव्हतं. पुढच्या रांगेत दोघे जण जिल्हा परिषदेच्या तिकिटाविषयी बोलत होते. अण्णासाहेब ठरावाचा कागद घडीतून काढत होते. एका सदस्याने फोन उचलून, “सभेत आहो, बोल,” म्हणून बोलणं सुरूच ठेवलं. नानासाहेबांची मान छातीवर टेकली होती.

मग चंद्रकलाताईंनी आवाज बदलला. खालच्या, थकलेल्या आवाजातून त्या एकदम सभेच्या आवाजात आल्या. असं बोलणं मी मंचावर नेहमी ऐकत होते, पण बाईच्या तोंडून नाही.

“तरी, आपल्या जिल्हा रुग्णालयात सदर औषधाचं केंद्र सुरू करण्यास या सभेची संमती असावी, अशी मी या ठिकाणी सूचना मांडते.”

नानासाहेबांची मान वर आली. ते उठले. मी त्यांच्या सदऱ्याला हात लावणार होते, पण लावला नाही. का लावावा?

“मांडलेल्या सूचनेला,” नानासाहेब खणखणीत आवाजात म्हणाले, “मी माझ्या वतीनं आणि सर्व उपस्थितांच्या वतीनं जाहीर अनुमोदन देतो.”

अंगणवाडीच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. मधल्या रांगांनी वाजवल्या. फोनवर बोलणाऱ्या सदस्याने फोन मानेत धरून वाजवल्या.

“सर्वानुमते मंजूर,” देवतळे म्हणाले.

नानासाहेब खाली बसले. “आटपलं,” ते मला म्हणाले.

अण्णासाहेब हातात टाइप केलेला ठराव घेऊन उभे होते. त्यांनी हनुवटी खाली केली, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी ओघळ आला.

“नाना,” ते म्हणाले, “हे काय करून राहिले तुम्ही?”

“अनुमोदन दिलं.”

“कशाला दिलं?”

“सूचनेला.” नानासाहेबांना वाटलं, आपल्याला ऐकायला कमी आलं. “सूचना मांडली ना?”

“अहो, ती गांजा आणायची सूचना होती!”

सभा आता ऐकत होती. नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते जरा विचारात पडले.

“मागे घ्या,” अण्णासाहेब म्हणाले. “देवतळे, लिहू नका ते. नाना आपलं अनुमोदन मागे घेऊन राहिले.”

“मी?” नानासाहेब पुन्हा उठले. या वेळी सावकाश उठले. “अण्णा, मी आजपावेतो एक अनुमोदन मागे नाही घेतलं.”

“चूक झाली ना पण.”

“काय चूक झाली? बाईनं सूचना मांडली, मी अनुमोदन दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, देवतळे मंजूर म्हणाले. दरवेळी असंच होते.” मग त्यांना काहीतरी सुचलं, आणि ते खरोखर विचार करून बोलले; त्यात टोमणा नव्हता. “न ऐकता दिलं म्हणून चालत नसेल, तर मग मागचे पण काढावे लागतील. तुमची अध्यक्ष म्हणून निवड झाली, त्या दिवशी मला ताप होता. तुमचं नाव घेतलं का दुसऱ्या कोणाचं, मला आजही नाही सांगता येणार. कॉलेजला मैदान दिलं तो ठराव. देवतळेसरांची नेमणूक. बँकेचं ते... ते जाऊ द्या. माझं ऐकणं काही आजच कमी झालं नाही.”

मी त्या वेळी मंचावरचे चेहरे पाहत होते. प्रत्येक जण काहीतरी आठवत होता. सभासद झालो तो ठराव, मुलाला शाळेत लावलं तो ठराव, दुकानाचा गाळा. अशी एक गोष्ट नव्हती जी नानासाहेबांनी उठून पक्की केली नव्हती, आणि त्यातली एकही त्यांनी ऐकली असेल याची कोणाला खात्री नव्हती. देवतळ्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं आणि परत लावलं.

“नानांचं अनुमोदन,” फोनवाला सदस्य सावकाश म्हणाला, “मागे घेण्याचा पायंडा पाडणं बरोबर नाही होणार अण्णा.”

“मी पण तेच म्हणतो,” दुसरा म्हणाला. “तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“देवतळेसर?” अण्णासाहेबांनी विचारलं.

“एकदा मंजूर म्हटलं की,” देवतळे टेबलाकडे बघून म्हणाले, “तांत्रिकदृष्ट्या... मंजूर असतं.”

अण्णासाहेबांनी रुमालाने सदरा पुसला. डाग पसरला. मग ते माइकजवळ आले, आणि मला कबूल केलं पाहिजे की एवढ्या वेळात दुसरा कोणी इतका सावरला नसता. “बंधूंनो अन् भगिनींनो,” ते म्हणाले, “गांजाला आपला विरोध होता, आहे अन् राहील. पण एका माऊलीचे अश्रू पाहून ही सभा जो निर्णय घेऊन राहिली, त्याला इतिहासात तोड नाही.”

चंद्रकलाताईंच्या डोळ्यांत अश्रू नव्हते. त्या मागे जाऊन मुलीची टोपी काढून तिला वारा घालत होत्या.

जेवण झाल्यावर मी त्यांना सभागृहाच्या पायऱ्यांवर गाठलं. मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली होती. बाकीच्या सेविका पाणी पिऊन परत निघाल्या होत्या. जेवण मंचावरच्यांसाठी होतं.

“चंद्रकलाताई, तुम्ही बोलत होता तेव्हा कोणीही ऐकत नव्हतं,” मी म्हणाले. “मला वाईट वाटलं.”

“मॅडम, ते ऐकणार नव्हते, ते मला माहीत होतं ना. आम्ही किती वर्षांपासून येतो इथे. ऐकणारा माणूस नाही पाहिला अजून.” त्यांनी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “म्हणून आधीचं कसंही बोलले. जे सुचलं ते. शेवटचं तेवढं पाठ करून आले होते. घरी म्हणून पाहिलं, नणंदेसमोर. ती म्हणे, ‘या ठिकाणी’ टाक मधात, त्याशिवाय नाना उठत नाहीत.”

मी औषधाचं प्रमाण, परिणाम, मर्यादा असं सगळं रात्र रात्र जागून मांडलं होतं. सभा कशावर हलते, याचा प्रयोग मात्र या बाईने केला होता.

“आणि टाळ्या?” मी विचारलं.

“टाळ्या तर नेहमी आम्हीच वाजवतो. बाकीचे आमच्या मागून वाजवतात. तुम्ही मंचावर असता, तुम्हाला नाही दिसत.”

“नानासाहेबांना कळलं तर?”

“वाईट माणूस नाही तो. आमचं लग्न सामूहिक सोहळ्यात झालं. भटजी नाही, कोणी नाही, आपल्या पद्धतीनं. तिथं पाहुणे म्हणून नाना आले होते. नवरीनं होय म्हटलं, अन् नाना उठून म्हणे, याला माझं अनुमोदन.” त्या हसल्या. “ते टिकलं नाही. नवरा पोरीला पहिली फिट आली त्या वर्षी गेला निघून. हे टिकते का पाहू.”

ते टिकलं. ठराव गेला, तपासणी आली, फाइल कुठेतरी अडकली, सुटली. मधले महिने मुलीसाठी कसे गेले ते मी लिहीत नाही; मी तिच्याकडे जात होते, एवढंच. कपाळावर एक टाका वाढला. पुढच्या हिवाळ्यात जिल्हा रुग्णालयात केंद्र सुरू झालं, आणि सुरू होऊन श्रावस्तीला औषध मिळायला लागून बरेच दिवस लोटल्यावर, पालकमंत्र्यांची तारीख मिळाल्यामुळे, त्याचं उद्घाटन झालं.

पालकमंत्री आले नाहीत. अण्णासाहेबांनी फीत कापली.

“या केंद्रासाठी,” ते माइकवर म्हणाले, “मला माझ्याच लोकांशी झुंज द्यावी लागली.” गाल रिकामा होता. पाहुणे येणार म्हणून त्यांनी सकाळपासून काही घेतलं नव्हतं, आणि त्यामुळे ते सारखे ओठ चाटत होते. “लोक म्हणाले, अण्णा, हा गांजा आहे. मी म्हणालो, नाही. हे विज्ञान आहे.”

मग फोटोची वेळ झाली. श्रावस्तीला मंचावर बसवलं होतं, नवा फ्रॉक, केसांना रिबिनी. टोपी नव्हती. पत्रकाराने सुचवलं की लाभार्थी मुलीला अध्यक्षांच्या हस्ते औषध पाजताना फोटो घ्यावा. चंद्रकलाताईंनी पिशवीतली बाटली घट्ट धरली.

“आता वेळ नाही तिची. सकाळी दिलं, आता रात्री.”

“एक थेंब द्या ना. फोटोपुरतं.”

“मोजून असते साहेब. जास्त नाही देता येत.”

“बरोबर आहे त्यांचं,” मी म्हणाले.

अण्णासाहेबांना तरीही फोटो सोडवत नव्हता. “असं करा,” ते म्हणाले, “मी घेतो. लोकांच्या मनात भीती आहे. अध्यक्ष स्वतः घेऊन दाखवते म्हटल्यावर भीती जाईल.” त्यांनी बाटली चंद्रकलाताईंच्या हातातून घेतली, ड्रॉपर भरून वर धरला, आणि हनुवटी वर करून तोंड उघडलं. कॅमेरे वाजले. दुसऱ्या दिवशी तो फोटो पहिल्या पानावर आला: व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष जाहीर सभेत गांजाचं तेल घेताना. मथळा होता, ‘अण्णासाहेबांचा आदर्श.’

पण ते दुसऱ्या दिवशी. तेव्हा मंचावर त्यांनी तोंड मिटलं, चव कडू लागल्यासारखा चेहरा केला, आणि लोकांकडे पाहून हसले. श्रावस्ती शेजारच्या खुर्चीवरून त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

“आजोबा,” तिने विचारलं, “तुम्हाला पण फिट्स येतात?”

माइक चालू होता. तिचा आवाज सगळ्या सभागृहात गेला.

“नाही बेटा,” अण्णासाहेब म्हणाले. “मला काही नाही होत.”

“मग माझं औषध काहून पिलं?”

अण्णासाहेबांनी हनुवटी वर केली आणि पुन्हा ओठ चाटले. चंद्रकलाताई मंचावर आल्या. त्यांनी अध्यक्षांच्या हातातून बाटली काढून घेतली, ट्यूबलाइटच्या उजेडात तिरपी धरून किती उरलं ते पाहिलं, आणि झाकण घट्ट लावलं.